बांधावरची दिवटी

भिकननं दोरी अकराव्यांदा ओढली, तरी मशीन नुसतं खोकलं आणि गप झालं.

मार्गशीर्षाचा दुसरा दिवस होता. अजिंठ्याच्या डोंगरावरून उतरलेला गारठा वाडीच्या कुडाकुडांत शिरला होता. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं एकमेकांच्या पोटाला पोट लावून उभी होती. अंगणात पोत्यावर गवत कापायचं मशीन आडवं पडलं होतं. लांब दांडी, एका टोकाला दातेरी पातं, दुसऱ्या टोकाला इंजिन. वाडीत सगळे त्याला कटर म्हणायचे.

त्याची बायको अंबिका दिवटी घेऊन बाजूला उभी होती. खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र बसलं होतं आणि तिचा एकभुक्त उपास चालू होता. यंदाच्या दसऱ्याला कटर घरात आलं त्या दिवशी तिनं देवापुढं बोलून ठेवलं होतं की रोज सकाळी यंत्रावर भंडारा वाहीन, नवरात्रात दिवटी ओवाळीन, मगच पातं फिरंल. त्या दिवसापासून एक दिवस चुकला नव्हता. ताप होता तेव्हासुद्धा ती भिंतीला धरत उठली होती आणि चिमूटभर हळद इंजिनावर टाकून परत आडवी झाली होती.

"झालं का तुझं?" भिकन हातावर फुंकर घालत म्हणाला.

"झालं."

"मग सरक. आता माझ्या देवाला बोलावतो." त्यानं खिशातून निळा डबा काढला. अजिंठ्याच्या एका जीपवाल्यानं दिलेला स्टार्टिंग स्प्रे होता तो. देताना जीपवाला म्हणाला होता, मढ्याच्या नाकात मारला तर मढं उठून चहा मागंल. भिकनला ते लई आवडलं होतं. कटर उठवताना तो ते रोज एकदा तरी म्हणायचा. इंजिनाच्या हवेच्या फिल्टरवरचं झाकण त्यानं महिन्याभरापूर्वीच काढून फेकलं होतं. रोज कोण उघडझाक करणार?

अंबिकेनं दिवटी अंगणातच दगडांच्या बेचक्यात खोचली. भिकननं फिल्टरवर फस्स करून फवारा मारला, दोरी ओढली, परत फवारा मारला. औषधासारखा गोडसर, डोक्यात चढणारा वास पसरला. तेवढ्यात अंबिकेला दिसलं. दिवटीच्या बुडाशी, मातीला चिकटून, बोटभर निळी झाक सरसरत आली आणि विझली. सापाच्या पिल्लासारखी.

ती बोलायला गेली. पण मशीन उठलं होतं आणि त्या गरगराटात तिचा मऊ आवाज तिलाच ऐकू आला नाही. भिकननं पट्टा खांद्यावर घेतला आणि तो शेताकडं निघाला. तीही विळा आणि बांधायला आंबाडीचे बंद घेऊन मागोमाग गेली.

शेत राजेंद्र पाटलाचं. तीन एकर मका. कणसं मोडून नेली होती, ताटं उभी होती. बोली साधी होती. ताटं भिकननं कापायची, बदल्यात सगळा चारा त्याचा. मेंढ्या तीस होत्या आणि त्यातल्या अठरा गाभण. औंदा डोंगराला गवत म्हणून नव्हतं. हा चारा घरात आला तर पौषात थारा नसलेल्यासारखं मेंढरं घेऊन गावोगाव फिरावं लागणार नव्हतं. पण राजेंद्रनं एक गोष्ट सांगून ठेवली होती.

"षष्ठीला दुपारी ट्रॅक्टर येतोय, भिकन. मला गहू पेरायचाय. तवर जेवढं कापशील ते तुझं. उभं राहील ते रोटरच्या पात्यांखाली मातीत जाईल. मग माझ्या दारात येऊन रडायचं नाय."

"रडायला मी काय बाई हाय?" भिकन म्हणाला होता, आणि शेजारी उभी असलेली अंबिका खाली बघत राहिली होती.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी एक एकर पडला होता, दोन उभे होते. त्या सकाळी गारठा जास्त होता. मशीन खोकलंही नाही. भिकननं डबा हलवला, फिल्टरवर धरला आणि चांगले जपमाळेतले चार मणी ओढून होतील इतका वेळ दाबूनच ठेवला. फवारा हातावरून ओघळला, बाहीत गेला. दिवटी तिथंच, दगडांच्या बेचक्यात होती.

"आवं, ती दिवटी जरा..." अंबिका म्हणाली.

"तू मला शिकिवती?"

भक्क, एवढाच आवाज झाला. मातीवरून निळं काहीतरी धावलं, इंजिनावर चढलं आणि भिकनच्या उजव्या हाताला हातमोज्यासारखं बसलं. तो ओरडला नाही. हात झटकत नुसता गोल फिरत राहिला. अंबिकेनं त्याला मनगटाच्या वर धरून ओढत नेलं आणि मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत हात कोपरापर्यंत बुडवला. मागं सखूबाईनं, भिकनच्या आईनं, ओलं पोतं इंजिनावर टाकून आग विझवली. म्हातारी सत्तरीची होती, पण पोतं नेमकं पडलं.

"आत्या, जळालं का मशीन?" अंबिकेनं विचारलं.

"मशीनचं काय घिऊन बसलीस? पोराचं कातडं बघ."

भिकनचे दात वाजत होते. डोणीतलं पाणी गार होतं आणि हाताच्या पाठीवरची कातडी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली होती. कुडाच्या पलीकडून आवडाबाई आली, शेजारीण. हात बघून तिनं तोंडावर पदर घेतला.

"उपास कडक करती म्हणं अंबिका," ती हळूच म्हणाली. "कुठंतरी खोट राहिली आसंल, बाई. देव उगा कोपत नाय."

भिकननं डोणीतून मान वर केली. डोळे लाल झाले होते. "हिच्या दिवटीनं जाळला मला," तो म्हणाला. "रोज म्हणतो, अंगणातनं हलिव. पर हिचा नेम."

तो असं कधीच म्हणाला नव्हता. पण शेजारीण ऐकत उभी होती. अंबिकेनं वाटीनं त्याच्या हातावर पाणी घातलं, परत घातलं, परत घातलं.

अजिंठ्याच्या सरकारी दवाखान्यात पट्टी झाली. पंधरा दिवस हाताला काम नाही, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. परतल्यावर सखूबाईनं चुलीपुढं बसून निकाल देऊन टाकला.

"देवानं कौल दिलाय. यंत्र घरात नको. परवा सकाळी मेंढरं काढू, खाली नदीकाठाला जाऊ. तुमच्या बापानं जल्मभर तेच केलं."

"गाभण मेंढ्या चालायच्या नायत, आत्या," अंबिका म्हणाली. "वाटंत गाभ टाकतील."

"मग कापायचं कोण? याचा हात बघ."

अंबिकेनं चुलीत काटकी सारली. "मी."

भिकन हसला. बरं हसू नव्हतं ते. "ती चौदा किलोची दांडी हाय."

"किती किलोचं कोकरू खांद्यावर टाकून मी घाट चढले, ते इचारा आत्यास्नी."

सखूबाई मात्र हसली नाही.

चौथ्या दिवशी अंबिका मशीन घेऊन सिल्लोडला निघाली. टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलं होतं, तरी काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं नाक मुरडलं.

"मावशी, याचा वास मारतोय. टपावर टाका."

"पडंल."

"मग तुमी बी बसा टपावर, धरून." गाडीतली माणसं हसली. अंबिकेनं दोरी मागून घेतली, मशीन टपावर स्वतः बांधलं, गाठ तीनदा ओढून बघितली आणि आत शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली. उपासाचं पोट आणि गाडीचे गचके. गोळेगावच्या पुढं तिला अंधारी आली, पण तिनं खिडकीची दांडी धरून ठेवली. टपावर काही घरंगळल्याचा आवाज येतो का, इकडंच तिचा कान होता.

शकूर मिस्त्रीचं दुकान चिंचेच्या झाडाखाली होतं. दाढी पांढरी, बोटांची नखं काळी. त्यानं इंजिनावरची काजळी बघितली, मग तिच्याकडं बघितलं.

"आग लागली?"

"व्हय."

"कोई जला क्या?"

"घरधन्याचा हात."

त्यानं मान हलवली. प्लग काढला, तो ओला आणि काळा निघाला. मग धुराचं नळकांडं सोडवून त्यानं आत बॅटरी मारली आणि तिला वाकून बघायला लावलं. "ये उभ्या रेघा दिसतात? पिस्टनवर. वो स्प्रे रोज मारते ना?"

"रोज. दीड महिना झाला."

"बेटी, जीपचं इंजिन वेगळं, याचं वेगळं. जीपमध्ये ऑइल खाली भरलेलं असतं. हे छोटं इंजिन. याला ऑइल कुठून मिळतं? पेट्रोलमध्ये तू मिसळते, तेवढंच. स्प्रेमध्ये ऑइल बिल्कुल नाही. उलटा आतला ऑइल धुऊन टाकतो. मग लोखंडावर लोखंड. सुक्या गळ्यानं भाकर गिळल्यासारखं." त्यानं रेघांवरून नख फिरवलं. "अजून वाचलंय. पण आणखी आठ दिवस असंच केलं असतं, तर जाम झालं असतं."

"मग उठत का नाय ते? म्हणून तर स्प्रे मारायचे."

"वही तो देखना है." त्यानं फिल्टरचा स्पंज काढला आणि वर्तमानपत्रावर आपटला.

कागदावर पिवळी धूळ पडली. परत आपटला, परत पडली. काळ्या तेलात कालवलेली, गोळे झालेली, आणि खाली खाली अजून कोरडी, झगझगीत पिवळी.

"हे काय? हळद?" शकूरचाचानं बोटांवर घेऊन बघितलं. "याला श्वासच घेता येत नव्हता. नाकात चिखल भरून पळ म्हटल्यासारखं. इसमें ये आया कहां से?"

अंबिकेच्या कानांत काही वाजायला लागलं. झाकण नसलेल्या फिल्टरवर रोज सकाळी पडणारी आपली चिमूट तिला दिसली. तापातली चिमूट दिसली. डोणीतला हात दिसला.

"भंडारा हाय तो," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की मिस्त्रीला पुढं वाकावं लागलं. "देवाचा. मीच टाकत व्हते."

कागद झटकायला उचललेला त्याचा हात थांबला. त्यानं कागद परत खाली ठेवला. कडा नीट जुळवून चार घड्या घातल्या, पुडी केली आणि फडक्याला हात पुसून, दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली.

"हे तुझं आहे. इथं पायाखाली नको यायला."

तिनं पुडी घेतली आणि चोळीत ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता. मिस्त्रीनं लगेच एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात पाना दिला होता.

"रोना बाद में. आधी शीक. फिर मैं नहीं आऊंगा तेरे खेत में."

त्यानं स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, पिळला, सुकवला, चार थेंब ऑइल चोळलं आणि जुन्या भंगारातलं एक झाकण शोधून त्यावर बसवलं. मग तिच्याकडून करून घेतलं. पेट्रोलमध्ये ऑइल बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अंदाजानं नाही. थंडीत उठलं नाही तर प्लग काढायचा, तेच ऑइल घातलेलं पेट्रोल चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा आत सोडायचं, सांडलेलं पुसायचं, प्लग लावायचा, मग दोरी. यात इंजिन सुकं राहत नाही.

"अन् स्प्रे?"

"अगदीच अडलं तर. मोकळ्या हवेत. झाकणाच्या बाहेरून एक फस्स, एक म्हणायच्या आत बोट उचलायचं. डबा लांब ठेवायचा, मग दोरी. त्याची वाफ जड असते, जमिनीवरून रांगत जाते. विडी, चूल, दिवा, काही जवळ नको. तुझ्या देवाचा दिवा पण नको." तो थांबला. "आणि तीन वेळा ओढून नाही उठलं, तर चौथी दोरी नाही. तब मशीन कुछ बोल रही है. कारण शोधायचं. और गरम इंजिन को कभी नहीं. ना स्प्रे, ना पेट्रोल. आधी थंड होऊ द्यायचं. कसम खा."

"मी शपथ घेत नाय, चाचा. नेम धरते."

"तो नेम धर."

घरी आली तेव्हा दिवस कलला होता. भिकन खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. सखूबाई देव्हाऱ्यापुढं दिवटीत तेल घालत होती. अंबिकेनं कटर कोपऱ्यात टेकवलं, हातपाय धुतले आणि चोळीतली पुडी सासूपुढं उघडली.

"काय गं हे?"

"इंजिनातनं निघालं. दसऱ्यापासनं मी वाहिलेलं." तिनं पुडी पुढं सरकवली. "मशीन त्यानं गुदमरलं, आत्या. म्हणून उठत नव्हतं, म्हणून यायनी फवारा वाढवला. दिवटीचं बी खरं हाय. वाफ रांगत गेली तिच्याकडं. मी आदल्या दिवशी बघितलं व्हतं. बोलले नाय."

खाटेची दोरी करकरली. भिकननं कूस बदलली होती.

 सखूबाईनं त्या पिवळ्या-काळ्या पुडीतली चिमूट घेतली, तेलकट गोळा बोटांत चुरला आणि अंबिकेच्या कपाळाला लावला. उरलेला आपल्या.

"चोचीत दाणा घालावा तसा घातलास तू भंडारा," ती म्हणाली. "त्याला कपाळ नाय, ते यंत्र हाय. जो राबतो त्याच्या कपाळाला लाव. देवाला काय, तिथं बी पोचतं."

"अन् दिवटी?"

"दिवटी मी बघते."

पाचव्या दिवशी सकाळी राजेंद्रच्या शेतावर दोघी गेल्या. भिकन हात गळ्यात बांधून मागं आला. सखूबाई दिवटी घेऊन शेताच्या पार दुसऱ्या टोकाच्या बांधावर जाऊन बसली, वारा जिकडून येत होता त्या अंगाला. म्हातारीला सांगावं लागलं नाही. आयुष्यभर मेंढरांपासून शेकोटी कुठं पेटवायची हे तिनं वाऱ्यावरूनच ठरवलं होतं.

अंबिकेनं लांबूनच हात जोडले. प्लग काढला, अर्धा चमचा सोडला, पुसला, लावला. पहिल्या दोरीला मशीन खोकलं. दुसरीला धूर सोडला. तिसऱ्या दोरीच्या आधी ती थांबली, श्वास घेतला. चौथी नव्हती.

तिसरीला ते उठलं. असं स्वच्छ उठलं की बांधावरच्या चिमण्या एकदम उडाल्या.

पट्टा खांद्यात रुतला. पहिल्या ओळीत पातं मातीत घुसलं आणि दांडी हिसका देऊन तिच्या मांडीवर आदळली. शेजारच्या वावरातला धोंडिबा कापूस वेचता वेचता उभा राहिला.

"भिकन, बायकूला नाचायला लावलंस का काय रं?"

 थोड्या वेळानं भिकन अंबिकेच्या मागं मागं चालायला लागला आणि ओरडून सांगू लागला. "कंबरंतनं फिरिव. हातानं नाय, कंबरंतनं. उजवीकडनं डावीकडं." दुसऱ्या तासाला ओळ सरळ पडू लागली. पडलेल्या ताटांच्या पेंढ्या तो डाव्या हातानं आणि दातांनी बंद ओढून बांधत होता. संध्याकाळी मशीन उतरवल्यावर अंबिकेच्या हातांना पाण्याचा तांब्या धरवेना.

षष्ठी उजाडली. घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा होता. वांगी आणून ठेवली होती. पण तिघंही उजाडताच शेतावर होते. दुपार चढली तेव्हा उभं होतं ते चार-पाच गुंठे, फार तर. आणि त्याच वेळी कटर दोनदा फुसफुसून बंद पडलं. टाकी रिकामी झाली होती.

रस्त्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. राजेंद्र पुढं मोटारसायकलवर होता.

"वत पेट्रोल, वत," भिकन म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम हाय."

अंबिकेनं इंजिनाजवळ पालथा हात नेला. चुलीसारखी धग आली. "तापलंय. थंड व्हऊ द्या."

"थंड? आगं ट्रॅक्टर आला." त्यानं डाव्या हातानं सदऱ्याच्या आतून निळा डबा काढला. तो डबा त्यानं आणलाय हे तिला माहीत नव्हतं. "वत, अन् एक फवारा मार. एका दोरीत उठंल. पाच भारे चारा हाय तो, अंबे. पाच मेंढ्यांचा महिना हाय."

"म्हाईत हाय."

"मग?"

ती मशीनपाशी खाली बसली. पट्टा काढून ठेवला. "गरम इंजिनात काही घालायचं नाय असा नेम धरलाय मी."

"नेम!" भिकनचा आवाज चिरकला. "तुझ्या नेमानं..." आणि तो स्वतःच थांबला. गळ्यातल्या पट्टीतून बोटांची टोकं बाहेर दिसत होती. लाल, तुळतुळीत, नखं काळी पडलेली. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

राजेंद्र जवळ आला. त्यानं उभी ताटं बघितली, खाली बसलेली बाई बघितली. "भिकन, मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं, भाऊ," अंबिका म्हणाली. "चालवा तुमी."

रोटर उभ्या मक्यात शिरला. ताटं मोडायचा, चिरडायचा, मातीत कालवायचा आवाज झाला. हिरवा, गोड, ओला वास सगळ्या शेतावर पसरला. वाडीतल्या मेंढरांनाही तो वास आला असेल. अंबिका बघत राहिली. एक ओळ, दुसरी ओळ. ओठ हलत होते, पण ती जप करत होती की ओळी मोजत होती, तिलाच ठाऊक. मध्येच तिनं इंजिनावर पालथा हात टेकवला. आता हात ठेवता येत होता.

तिनं टाकी भरली, सांडलेला थेंब पदरानं पुसला, दहा पावलं मशीन बाजूला नेलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते उठलं. कोपऱ्यात, ट्रॅक्टर वळत होता त्या तिकोनी तुकड्यात, अजून चार ओळी उभ्या होत्या. ती तिकडं चालू लागली. ट्रॅक्टरवाल्यानं तिला बघितलं आणि वळण थोडं लांबून घेतलं.

भिकन हातात डबा घेऊन उभाच होता. ऊन डब्यावर पडत होतं. त्यानं तो उन्हातून पाठीमागं, सावलीत घेतला. घराकडं जायची पायवाट बांधावरून, सखूबाईच्या अगदी पुढ्यातून जात होती. तिथं म्हातारी पदराच्या आडोशानं दिवटी जपत बसली होती.

भिकन पायवाटेपर्यंत गेला, थांबला. मग डबा तसाच धरून, वाट सोडून तो रोटरनं उलथलेल्या मातीत उतरला आणि दिवटीला लांबून, पार ओढ्याच्या कडेनं, मोठा वळसा घालून घराकडं निघाला.